आकाशाला खळ लावताना

सपाट तारानकाशा भिंतीवर असतो तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तोच गोल करायला घ्या, की घरोघरचे खगोलशास्त्रज्ञ जागे होतात. आमच्याकडे तर जास्तच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हादरू लागली, तेव्हा त्या थंडीत माणसं अंगणात झोपली. आकाशाचा एवढा अभ्यास तालुक्यात त्याआधी कधी झाला नसेल.

गणित सोपं आहे. घेर ३६ सेंटिमीटर धरला की एका सेंटिमीटरला दहा अंश. नकाशाच्या बारा फोडी, मधोमध ३ सेंटिमीटर रुंद, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत १८ लांब. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण कापलेल्या फोडींचा पुन्हा चिकू करून दाखवा, असं त्यालाही कुणी सांगत नाही. इथे तेच करायचं, मैद्याच्या खळीनं. सतराव्या शतकात लाहोरचे कारागीर पितळी तारागोल बिनसांध्याचे ओतत. लाहोरला समुद्र नाही. आमच्या दमट वाऱ्यात खळ वाळेना आणि सप्तर्षींत एक पांढरा डाग आठवा ऋषी होऊन बसला.

डहाणू जवळपास २० अक्षांशावर, म्हणून गोलाचा आस क्षितिजापासून २० अंश वर उचलायचा. गोल फिरवला की स्वातीचा तारा अगदी माथ्याजवळून जातो. एवढं जमल्यावर गोल पिशवीत घालून तलासरीच्या एका आश्रमशाळेत नेला.

एका पोरानं तो हातातही घेतला नाही. लांबूनच म्हणाला, "सर, व्याध हरणाच्या त्या बाजूला कसा गेला?"

मी सांगितलं, हा गोल बाहेरून बघायचा असतो. आपण आकाशाच्या आत आहोत, म्हणून डावं-उजवं उलटं दिसतं.

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"समज, देवाच्या जागेवरून."

"मग देवालाच दाखवा ना. आम्हाला आतलाच बरा."

घरी शेजारच्या काकू वाट बघत होत्या. "अरे, मंगळ कुठे चिकटवलास?" ग्रह फिरते असतात, त्यांना गोलावर कायमची जागा नसते, हे मी समजावलं. काकूंनी शांतपणे कपाळाची लाल टिकली काढली. "ही घे. सरकवता येते." आणि भाचीच्या पत्रिकेला सोयीच्या राशीत त्यांनी ती स्वतःच लावली.