तीन मिनिटं झाली

साहित्यिक कार्यक्रमात निवेदिकेनं 'लेखक म्हणून आपली बलस्थानं कोणती?' असं विचारलं, की उत्तर देण्याआधी थोडं खाली बघून हसायचं असतं. हे हसू मला फार सुरेख जमतं. आरशासमोर बसवलेलं आहे. बलस्थानांची यादी करायची झाली तर ते पहिल्या नंबरावर घालावं लागेल, कारण त्यानंतर मी जे काही बोलतो ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

मर्यादा विचारल्या तर काम आणखी सोपं. मराठी लेखकाच्या मर्यादा ठरलेल्या आहेत आणि त्या सगळ्या कौतुकाच्या आहेत. 'मला पुढे पुढे करता येत नाही.' 'मी कुठल्याच गटात नाही.' 'मी फार कमी लिहितो हो.' एवढं म्हटलं की पुढे पुढे करणारे, गटातले आणि भरमसाट लिहिणारे असे समोर बसलेले सगळे समव्यवसायी एका दमात गारद होतात, आणि आपण कुणाचं नावही घेतलेलं नसतं.

पण इथे निवेदिका नाही, तेव्हा खरं सांगतो. माझं खरं बलस्थान पाऊस. पात्रांनी आता काय करावं हे मला कळेनासं झालं, की माझ्या कथेत आभाळ भरून येतं. नवरा-बायको समोरासमोर आले, आता काहीतरी बोलायलाच हवं अशी वेळ आली, की पहिला थेंब पडलाच म्हणून समजा. मग पत्र्यावर ताशा वाजतो, पागोळ्या लागतात, दोघं खिडकीशी उभी राहतात आणि माझी तीन पानं निघतात. यात दोष माझ्या एकट्याचा नाही. 'मनोरंजन'नं १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाचं वर्ष कायमचं ठरून गेलं. अंक येतो आश्विनात, पण संपादकांचा फोन येतो ज्येष्ठात आणि कथा लिहिली जाते आषाढ-श्रावणात, बाहेर धो धो कोसळत असताना. म्हणून आमच्या दिवाळी अंकांत आकाशकंदिलांपेक्षा छत्र्या जास्त.

दुसरं बलस्थान शेवट. मी शेवट करत नाही, वाचकावर सोडतो. महाराष्ट्राला कथा कानांनी ऐकायची सवय व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी लावली. गावंच्या गावं हसवली. त्या पुण्याईवर मलाही एका तालुक्याच्या गावी कथावाचनाला बोलावलं होतं. माझी कथा संपली. मी कागद मिटले आणि खाली बघून हसलो. लोक बसून राहिले. मी पाणी प्यायला थांबलोय असं त्यांना वाटलं. शेवटी आभाराचा माणूस उठला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, राहिलेलं पुढच्या वर्षी घेऊ."

'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं हे मात्र माझ्या पथ्यावर पडलं. ते मासिक चालू असतं तर माझी कथा परत आली असती. आता मी 'सत्यकथेच्या वळणाचा लेखक' म्हणून मिरवू शकतो आणि शहानिशा करायला कुणी नाही. एका समीक्षकानं तर माझ्या कथांना 'संयत' म्हटलं. ते कात्रण मी लॅमिनेट केलं नाही, एवढंच.

पण ज्या गोष्टीवर माझी खरी हुकमत आहे ती वेगळीच, आणि तिथे जरा वेळ लागेल. पात्रांना नावं देणं. (दुसऱ्यांना नावं ठेवणं नव्हे, त्यात सगळेच लेखक तयार असतात.) मराठीत आडनाव लिहिलं की निम्मी कथा सांगून झाली. जोशी म्हटलं की वाचक थांबतो: देशस्थ का कोकणस्थ? पुढे 'कर' आला की गाव आलं. शेवटी 'वार' आलं की नांदेड-यवतमाळ-चंद्रपूरच्या बाजूची गाडी धरली. पाटील म्हटलं तर खानदेशातला का कोल्हापूरचा, हे सांगेपर्यंत वाचक जागचा हलत नाही. शिंदे, जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं त्यातल्या त्यात सोयीची. ती इतक्या जातींत सापडतात की वाचक अंदाज बांधत बसतो आणि तेवढ्यात मी चार ओळी पुढे सरकतो.

पहिल्या नावाचंही तेच. नाव म्हणजे जन्मदाखला. शकुंतला आणि सुमती आजीच्या पिढीतल्या. संजय म्हटलं की तो निवृत्तीच्या आसपास. स्वप्नील फ्लॅटचे हप्ते भरतोय, आणि विहान अजून बालवाडीत आहे. बालवाडीतल्या पोराला मी सुरेश म्हटलं, तर वाचकाला ते पोर टक्कल पडलेलंच दिसतं.

म्हणून माझ्याकडे नावांची वही आहे. नव्या नावांसाठी लग्नपत्रिका. तिच्या तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली असतात, ती मी जशीच्या तशी उतरवून घेतो. जुन्या नावांसाठी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता. मधल्या वयासाठी मतदार यादी. लग्नाला गेलो की लोक पंगत कधी बसणार विचारतात, मी जादा पत्रिका आहे का विचारतो. खलनायकाचं जरा अवघड असतं. त्याला कुठलंही आडनाव दिलं की त्या आडनावाच्या कुलमंडळातून फोन येतो: आमच्यात असं कुणी वागत नाही. तेव्हापासून माझ्या कथांतला दुष्ट माणूस कायम सोसायटीचा सेक्रेटरी असतो. सेक्रेटरींचं कुलमंडळ अजून निघालेलं नाही.

यावर कुणी जी. ए. कुलकर्णींचा दाखला देईल. त्यांच्या 'प्रवासी'ला नाव नाही आणि ते कुणी मागतही नाही. मान्य. पण तो प्रवासी थेट नियतीच्या वाटेला लागलेला असतो. माझा नायक पाण्याच्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. त्याला आडनाव लागतं. भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला'च्या नायकाचं नाव पांडुरंग सांगवीकर ठेवलं. त्यात गाव आलं, घर आलं, विठोबाही आला, आणि १९६३पासून ते नाव मराठी वाचकाच्या ओळखीतल्या माणसासारखं वावरतं आहे. नेमाड्यांचं नाव निघालंच म्हणून सांगतो: त्यांनी कथा या प्रकारालाच कमी लेखलेलं आहे. त्यामुळे माझी एकही कथा त्यांना आवडली नाही तरी त्यात वैयक्तिक काही नाही, असं मी धरून चालतो. त्यांनी ती वाचली असेल, हे तर मी आधीच धरलेलं आहे.

तर नावं. मागे एका कथेत नायकाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि अख्ख्या कथेत एकदाच खोकणाऱ्या माणसाचं आडनाव ठरवण्यात माझे सबंध गणपती गेले. नायकाच्या आईला मात्र नाव नव्हतं. आडनाव तर नव्हतंच. हे माझ्या लक्षात आलं नाही, समीक्षकांच्या आलं नाही. माझ्या आईच्या आलं.

आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. सांगलीला, ट्रंक कॉलच्या काळात. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड आणि तोंड ड्यूटीभर चालू. "बोला, पुणे लागलंय, बोला... पीपी आहे, माणूस बोलवायला गेलेत, धरून ठेवा... तीन मिनिटं झाली, वाढवू का?" बाळंतपणं, मयती, बदल्या, जमलेली लग्नं आणि मोडलेली लग्नं तिच्या बोटांखालून गेली. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता. लाइन नीट आहे का हे ऐकूनच बघावं लागतं, हेही खरं होतं. घरी आली की ती आम्हाला आवाज काढून दाखवायची. तारेची गरज नसल्यासारखा ओरडून हळदीचा भाव सांगणारा अडत्या. मुंबईच्या मुलाकडे पैशांचा विषय काढायला अडीच मिनिटं घेणारा बाप. आणि सगळा वेळ गप्प राहून शेवटच्या दहा सेकंदांत "अहो, जपा" एवढंच म्हणणारी बायको. नाव-गाव ती कधी सांगायची नाही. आवाजावरून माणूस मात्र अख्खा उभा राहायचा.

अशा बाईचा मुलगा कथालेखक झाला आणि त्यानं आपल्या कथांतली आई चुलीपुढे नेऊन बसवली. आमच्या घरी चूल नव्हती. गॅस होता आणि त्याच्या नंबरासाठी आई एजन्सीत जाऊन भांडायची. माझ्या कथेतली आई फुंकणीनं जाळ फुंकते, पदरानं डोळे टिपते, मुलाकडे बघते आणि बोलत काहीच नाही. 'संयत' म्हणाले ते यालाच.

दिवाळी अंक घरी आला की आई चष्मा पुसून आधी माझी कथा काढते. यंदाची वाचून झाल्यावर म्हणाली, "तीन मिनिटं झाली, अजून कुणी बोललं नाही. लाइन चालू आहे ना रे?"

"आई, ते मौन आहे. त्याला अर्थ आहे."

"असेल. पण बिल कुणाच्या नावावर?" मग तिनं बोट ठेवलं. "ही बाई कोण?"

"नायकाची आई."

"नाव काय हिचं?"

"नाव कशाला? आई म्हणजे... आई."

"वरच्या खोकणाऱ्याला आडनाव आहे, आणि जिनं ह्याला जन्म दिला तिला नावसुद्धा नाही?"

मी परंपरेच्या पाठीमागे लपायला गेलो आणि 'श्यामची आई'चं नाव काढलं. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि आईला ते जवळजवळ पाठ आहे. "ती कुठे गप्प आहे?" आई म्हणाली. "पोहायला जायला नको म्हणून श्याम लपून बसला, तर शिंपटीनं फोडून काढलाय त्याला. बोलते, समजावते, रागावते. तुम्हा लोकांना तिचं रडणंच तेवढं लक्षात राहिलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. हरी नारायण आपट्यांनी १८९०पासून 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली, तेव्हा यमूला अख्खी कादंबरी तिच्याच तोंडानं सांगायला लावली. म्हणजे बाईला बोलू देण्याची सोय मराठी गद्यात माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे. आम्ही ती वापरली नाही, कारण मुकी आई लिहायला सोपी असते आणि वाचकाच्या डोळ्यांत पाणीही चटकन आणते. बोलकी आई कथेत आली की ती मुलाला विचारते, "भाड्याचे पैसे कुठे गेले?" मग आभाळ कितीही भरून येवो, उत्तर द्यावंच लागतं. आमच्या पिढीच्या कथांत पदरानं डोळे पुसणाऱ्या ज्या आया आहेत, त्यांतल्या कितीतरी खऱ्या आया शाळेत, पोस्टात, बँकेत, जिल्हा परिषदेत नोकरी करत होत्या. सकाळी डबे भरून, साडी नीट करून, बस पकडून जात होत्या. त्यांच्या पगारावर आम्ही शिकलो, आणि लिहिता यायला लागल्यावर आम्ही त्यांच्या हातात फुंकणी दिली. याला संयम म्हणत नाहीत. याला सोय म्हणतात.

सध्या नवी कथा चालू आहे. त्यात आई आहे आणि ती बोलते. म्हणजे आमची आई बोलते, मी उतरवून घेतो. परवा एका वाक्यापुढे मी सवयीनं 'ती क्षणभर थांबली' असं जोडलं. आई म्हणाली, "कुठे थांबले? थांबले असते तर त्यानं फोन नसता ठेवला?" ओळ काढली. आभाळ दोनदा भरून आलं होतं, तेही तिनं काढायला लावलं. म्हणाली, पावसात लाइनी खराब होतात.

या बाईचं नाव तिनंच ठरवलं. आडनावासाठी मी वही उघडली, कर, वार, पाटील असं वाचून दाखवायला लागलो. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वही राहू दे. माझं माहेरचं घाल. लग्नापासून पडून आहे, कुणी वापरत नाही."

इतकी वर्षं भरत आणलेल्या त्या वहीत ते आडनाव नव्हतं.

तेव्हा माझी बलस्थानं आणि मर्यादा यांचा हिशेब सरळ आहे: वर्णन माझं, बोलणं आईचं. येत्या दिवाळीत एखाद्या अंकात माझी कथा दिसली आणि तिच्यातली बाई फोनवर तोंड सोडून भांडताना आढळली, तर 'संवाद छान जमलेत' असं मला कळवू नका. मी खाली बघून हसेन आणि श्रेय घेऊन टाकेन. तिला कळवा. आमच्याकडे लँडलाइन अजून आहे, आणि ती पहिल्या रिंगला उचलते.