सरकारी टेप

भारतातल्या गाड्यांचा सर्वांत वजनदार डिझायनर इटलीत नाही आणि चाकणलाही नाही. तो दिल्लीत अर्थखात्यात बसतो. त्याच्या हातात पेन्सिल नसते, टेप असते.

2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या झाली: लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचं असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर 1500. अशा गाडीचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं. लहान गाडी स्वस्त व्हावी हा हेतू. झालं असं, की मोठ्या गाड्यांच्या शेपट्या छाटायला सुरुवात झाली. टाटांनी 2008 मध्ये इंडिगोची डिकी कापून सीएस काढली. मारुतीने 2012 मध्ये डिझायरची कापली. त्याच वर्षी महिंद्राने झायलोचा मागचा भाग उडवून क्वान्टो आणली. ती दिसायलाही तशीच होती. आज डिझायर, ब्रेझा, व्हेन्यू, सॉनेट यांची लांबी बघा. सगळ्या 3995 मिलिमीटर! कल्पकतेला उरलेली जागा: पाच मिलिमीटर.

ब्रेझाची गंमत तर और. 2016 मध्ये आली तेव्हा 1248 सीसीचं डिझेल इंजिन होतं, सवलत मिळायची. 2020 मध्ये डिझेल गेलं, 1462 सीसीचं पेट्रोल आलं आणि सवलतही गेली. शेपूट मात्र कापलेलीच.

टेप नसेल तिथे कोर्टाचा आकडा चालतो. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिनाभरात महिंद्राचं 1.99 लिटरचं इंजिन हजर! बाटाच्या चपलेची किंमतच जणू. मग 2023 मध्ये लहान गाडीच्या करात बसवायला महिंद्राने थारच्या एका आवृत्तीला 1.5 लिटरचं डिझेल इंजिन लावून फोर-बाय-फोर काढून टाकलं आणि किंमत लावली 9.99 लाखांपासून. डोंगर चढायची जीप आता कराची पायरी तेवढी उतरते. ती खपलीही भरपूर, कारण आपल्याला डोंगर नकोच असतो, डोंगरावर जाणाऱ्याचा रुबाब हवा असतो.

गंमत म्हणजे जाहिरातीत एसयूव्ही म्हणून मिरवणारी गाडी कराच्या कागदावर अंग चोरून ‘लहान गाडी’ होते.

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले. टेप फेकून द्यायची उत्तम संधी होती. झालं उलटंच. पेट्रोलच्या लहान गाडीला 18 टक्के आणि तिच्याहून जरा लांब गाडीला 40. पूर्वी हा फरक 16 टक्क्यांचा होता, आता 22 चा. पाच मिलिमीटरला याहून मोठा मान जगात कुठे मिळत असेल?

टेप काढली तर काय होतं, याचा पुरावा चाकणलाच आहे. विजेच्या गाडीला सरसकट 5 टक्के, लांबी कुणी विचारत नाही. तिथे महिंद्राची एक्सईव्ही 9ई 4789 मिलिमीटर पाय पसरून बसली. म्हणजे आपल्या इंजिनिअरांना चित्र काढता येतं, कागदच तोकडा दिला होता.

कर लावायचाच तर वजनावर लावा, धुरावर लावा, इंधन पिण्यावर लावा. मग गाडी हलकी करायला, इंजिन सुधारायला डोकं लागेल. आत्ता जे चाललंय ते काम चार्टर्ड अकाउंटंट जास्त चांगलं करेल, आणि पगारही कमी घेईल.