मुख्य संपादक महोदय, तो लेख परत द्या

मा. मुख्य संपादक महोदय,


तुमच्या मासिकाचं नाव इथे लिहीत नाही. त्यात 'इंटरनॅशनल' आहे, 'मल्टिडिसिप्लिनरी' आहे, 'रिसर्च' तर असायलाच हवं. हेच तीन शब्द मागेपुढे करून छापलेले इतके अंक आमच्या स्टाफरूमच्या कपाटावर पडलेत, की नाव लिहूनही ते तुम्हीच हे सिद्ध व्हायचं नाही. शिवाय तुमचा आंतरराष्ट्रीय पत्ता मागच्या कव्हरवर आहेच: दुसरा मजला, मिठाईच्या दुकानाच्या वर.

तुमचा निरोप प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आदरणीय सर' अशा मायन्यानं येतो. मी बाई आहे, हे सोडून देऊ. 'पेपर आज पाठवा, स्वीकृतीपत्र 24 तासांत. छापील अंक, प्रमाणपत्र व कुरिअरसह 1500 रुपये. को-ऑथरला जादा आकार. मागील तारखेचे अंकही उपलब्ध.' काळात मागे जाणं भौतिकशास्त्राला अजून जमलेलं नाही. तुम्ही ते घरपोच करून देता.

तुमच्या अभ्यासाला मात्र दाद द्यायला हवी. यूजीसीची नेमणूक-बढतीची 2018 ची नियमावली आमच्यातल्या अनेकांनी उघडूनही पाहिलेली नाही, तुम्हाला ती तोंडपाठ आहे. भाषा आणि सामाजिक शास्त्रांतल्या एका पेपरला 10 गुण. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्याचे 70 टक्के. म्हणजे एकटीनं लिहिला तर 10, दोघींनी मिळून लिहिला तर दोघींचे मिळून 14. तिसरा आला की मुख्य लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला 30. चार पानी लेखाला तीन-तीन लेखक आणि त्यातले एक प्राचार्य, हा तुमच्या अंकांतला चमत्कार या गणितातून घडतो. इम्पॅक्ट फॅक्टरचे गुण आणखी वेगळे. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे यंदा सरासरी किती वेळा संदर्भ दिले गेले, याचा तो हिशेब. तुमचा आकडा मात्र महागाई भत्त्यासारखा ठरावीक मुदतीनं वाढत जातो. आणि आयएसएसएनचे आठ आकडे तुम्ही कव्हरवर शीर्षकाहून ठळक छापता. या नावाचं एक नियतकालिक निघतं, यापलीकडे त्या क्रमांकाला अर्थ नाही. अर्ज केला की तो फुकट मिळतो. पण कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, मुलाखतीला बसलेल्या तज्ज्ञांना त्या आकड्यांवर बोट ठेवून खात्री करून घेताना मी पाहिलंय. लेख उघडताना कुणाला पाहिलं नाही.

तुमच्या वाटेत काटे कमी आले असंही नाही. यूजीसीनं 2017 मध्ये मान्यताप्राप्त मासिकांची यादी केली, तीत तुमची मंडळी विद्यापीठांच्या शिफारशीनं दिमाखात शिरली. मार्च 2018 मध्ये संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये हिशेब मांडला: विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी तपासलेल्या 1,009 मासिकांत 88 टक्क्यांहून जास्त मासिकं साध्या निकषांनाही उतरली नव्हती. मे महिन्यात यूजीसीनं 4,305 नावं एका फटक्यात कापली. मग 2019 मध्ये मान्य मासिकांची नवी 'केअर' यादी आली, तिचा कारभार पुणे विद्यापीठात. तुम्ही काय केलंत? यादीतल्या जुन्या, अब्रूदार मासिकांच्या नावाची हुबेहूब संकेतस्थळं उभी केलीत. शेवटी केअरलाच अशा नकली मासिकांची वेगळी यादी ठेवावी लागली. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीनं केअरच गुंडाळली आणि पारख करण्याचं काम संस्थांवर सोपवलं. त्यानंतर तुमच्या निरोपात झालेला बदल मी जपून ठेवलाय: 'केअर लिस्टेड' खोडून 'यूजीसीच्या नवीन निकषांनुसार'. दर तोच.

तुमचं घराणं मोठं आहे, हेही मान्य. 2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं कर्करोगावरच्या औषधाचा एक बनावट पेपर, शाळकरी रसायनशास्त्रालाही खटकावी अशी चूक मुद्दाम पेरून, 304 मासिकांना पाठवला. 157 जणांनी घेतला. त्या 304 मध्ये भारतातल्या मासिकांचा वाटा सर्वांत मोठा होता. देशाची मान एवढी उंचावूनही कुणी तुमचा सत्कार केला नाही. त्याहून मला आवडतो तो 2014 चा किस्सा. 'मला तुमच्या मेलिंग यादीतून काढा' हे एकच वाक्य, मध्ये एक सणसणीत शिवी घालून, दहा पानं भरून लिहिलेला पेपर एका संगणकशास्त्राच्या मासिकाकडे गेला. परीक्षकाचा शेरा: उत्कृष्ट. सोबत दीडशे डॉलरची मागणी. यादीतून नाव काढलं की नाही, कोण जाणे.

आता कामाचं बोलते.

माझी एक विद्यार्थिनी तासिका तत्त्वावर शिकवते. माण तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायांकडून तिनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. भावावरच्या. मुराळी म्हणून येणारा भाऊ, न येणारा भाऊ, चोळी देऊन बोळवण करणारा भाऊ. त्याच बायांना तिनं आणखी एक गोष्ट विचारली: भावासाठी हक्कसोडपत्रावर अंगठा कधी दिला? ओवी आणि हक्कसोड शेजारी ठेवून तिनं जो लेख लिहिला, तो कच्चा होता, पण त्यात जीव होता. एका जुन्या त्रैमासिकाचे नियमही ती वाचत होती: नाव वगळलेली प्रत वेगळी, तळटीपा अशा, संदर्भ तसे, दोन परीक्षक, निर्णयाला काही महिने. तेवढ्यात मुलाखतीची तारीख आली आणि तुमचा निरोप आला.

तुमच्या परीक्षकाचा अभिप्राय तिनं मला दाखवला. संपूर्ण अभिप्राय असा: 'गुड वर्क. अ‍ॅक्सेप्टेड.' लेख पाठवला सकाळी, हे आलं दुपारी चहाच्या आत.

खऱ्या परीक्षकानं तिला छळलं असतं. पहिलाच प्रश्न केला असता, की बाई, या ओव्या किती जुन्या? मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा मिळाला 1956 च्या कायद्यानं, वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये. वाटाच नव्हता त्या काळात रचलेल्या ओवीतला रुसवा तुम्ही हक्कसोडीला कसा जोडता? दुसरं: गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्यात तुमच्या ओव्यांचे पाठभेद पाहिलेत का? आणि तिसरं: ही बाई ओवी म्हणते तेव्हा तिला नेमका कोणता भाऊ दिसतो, हे तुम्ही तिलाच का नाही विचारलंत? पोरगी दोन दिवस रडली असती. मग बॅग उचलून पुन्हा गावाला गेली असती, आणि जुनी ओवी नव्या दुखण्यावर कशी बसते, हे घेऊन परत आली असती. महोदय, पीअर रिव्ह्यूचेही दोष असतात. परीक्षक आळशी असतात, खवट असतात, कधी तुमचीच कल्पना ढापतात. पण लेख वाचणारा एक अनोळखी माणूस तिथे असतो. ते तिच्या हक्काचं होतं, आणि तुम्ही 1500 रुपये घेऊन तिला तेवढंच नाकारलंत.

छपाईबद्दल काय बोलावं! तिनं युनिकोडमध्ये दिलेला मजकूर तुमच्या डीटीपीवाल्यानं जुन्या फॉण्टात ओतला. 'संदर्भ'चा 'संदभर्' झाला, 'कविता'ची 'कवतिा'. इंग्रजी सारांशात 'मुराळी'चा पार मजूर होऊन गेला. हेही एकवेळ चाललं असतं. पण पाच पानांच्या वर दर पानाला जादा पैसे, म्हणून तुम्ही तळटीपा उडवल्यात, आणि ओव्या सांगणाऱ्या बायांची नावं, वयं, गावं त्या तळटीपांत होती. हक्कसोडपत्रावर निदान त्यांचा अंगठा तरी होता.

आता तिला तो लेख नीट लिहून त्या त्रैमासिकाकडे पाठवायचाय. त्यांचे नियम साफ आहेत, पूर्वप्रसिद्ध लेखन चालत नाही. तुमच्या संकेतस्थळावर तो आहे, म्हणजे तो प्रसिद्ध आहे. वाचकानं तो अजून पाहिलेला नसला, तरीही. लेख काढा असं तिनं कळवलं, तर तुमच्याकडून 'विड्रॉअल फी'चा आकडा आला. छापायचे 1500, आणि न छापल्यासारखं करायचे त्याच्या दुप्पट. कॉपीराइटच्या कागदावर तिनं सही केलेली नाही. तुम्ही तो कागद पाठवलाच नव्हता, घाईत राहिला असावा.

तरीही पैसे भरायची तिची तयारी आहे. मी तिला थांबवलंय. आधी एवढं लेखी कळवा: तिचा लेख कोणत्या परीक्षकानं वाचला, ही फी कोणत्या नियमाखाली, आणि लेख किती दिवसांत उतरेल. संपादक मंडळात छापलेल्या आमच्या विभागातल्या निवृत्त सरांनाही मी विचारलंय. आपण त्या मंडळावर आहोत ही बातमी त्यांना माझ्याकडूनच कळली, त्यामुळे तेही तुम्हाला स्वतंत्र पत्र लिहिणार आहेत. पैसे घ्यायचेच असतील, तर जीएसटी क्रमांकासह पक्की पावती पाठवा. आणि त्या पावतीवर तेवढी खरी तारीख टाका.

आपली,
जिला तुम्ही 'आदरणीय सर' म्हणता ती