बिलावर प्रौढ, बसमध्ये बाळ

जहाजावरच्या किनारी सहलींचं माहितीपत्रक लिहिणाऱ्या अनाम साहित्यिकास,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपलं वाङ्मय आम्ही सहकुटुंब वाचलं. सान हुआनहून सुटणाऱ्या जहाजावर बसून दक्षिण कॅरिबियनची बेटं बघायची ठरली, तेव्हापासून आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. आपल्या लेखणीतून उतरलेला प्रत्येक किनारा निवांत, प्रत्येक गाइड हसतमुख आणि प्रत्येक अनुभव जन्मभर पुरणारा. स्थळ सुचवणाऱ्या मावशींच्या तोंडी मुलगा कधी बेकार नसतो, तशी आपल्या मजकुरात बस कधी नसते. असतो तो 'निसर्गरम्य प्रवास'. चार तासांच्या सहलीत हा निसर्गरम्य प्रवास किती तासांचा, एवढंच सांगायला आपल्याला जागा पुरलेली नाही. समजण्यासारखं आहे. विशेषणं जागा खातात.

आमच्या घरात एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. उंचीने माझ्या वर गेलेला, बोलण्यात काटकसरी, आणि कुठल्याही प्रस्तावावर 'बघू' एवढंच म्हणणारा. आपल्या रकान्यांत तो नेमका कुठे बसतो, हे शोधण्यात आमचा एक अख्खा रविवार गेला. दरपत्रकात बालक म्हणजे अकरा वर्षांपर्यंत. बारावं लागलं की प्रौढ, भाडं पूर्ण. इथवर तक्रार नाही. पुढच्या पानावर चारचाकी बग्गीची सहल होती: चिखल, खड्डे, थरार. चिरंजीवांनी चक्क फोन खाली ठेवला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की चालकाचं वय अठरा हवं आणि परवाना हवा. म्हणजे थरार त्याच्या आईच्या हातात, आणि त्याने शेजारी हेल्मेट घालून दांडा धरून बसायचं, पूर्ण भाड्यात. त्याच्या पुढे बार्बाडोसमधल्या रमच्या भट्टीची सहल, 'चाखण्यासह'. १७०३ सालचा दस्तऐवज मिरवणारी ती भट्टी बघण्यासारखी असेलच, पण पंधरा वर्षांच्या मुलाने तिथे काय चाखायचं ते आपण वाचकाच्या कल्पनाशक्तीवर सोडलंत. आणि जिथे 'संपूर्ण कुटुंबासाठी' असं लिहिलं होतं, त्या पानावर समुद्री चाच्यांच्या कागदी टोप्या घालून खजिना शोधायचा होता. ते पान त्याने ज्या चेहऱ्याने उलटलं, तो चेहरा आपल्या मुखपृष्ठावर छापायला हवा.

बिलावर प्रौढ आणि बसमध्ये बाळ! महाशय, ही किमया फक्त आपल्यालाच साधली आहे.

सेंट लुशियाचं वर्णन करताना तर आपली प्रतिभा फारच बहरली. 'जगातला एकमेव ड्राइव्ह-इन ज्वालामुखी!' शेजारच्या केबिनमधल्या ह्यूस्टनच्या मंडळींनी तो विकत घेतला. कॅस्ट्रीजहून सूफ्रिएरला जाणारा रस्ता डोंगरातून वळणावळणाने जातो. जायला तास-सव्वा तास आणि तीच वळणं परत. गाडी ज्वालामुखीत जात नाही, हे त्यांना तिथे पोचल्यावर कळलं. ती बाहेर थांबते, आपण फलाटावरून उकळता चिखल बघायचा आणि गंधकाचा वास घ्यायचा. बघण्यासारखा तो आहेच. पण त्यांची मुलगी संध्याकाळी जेवायला आली नाही, आणि त्याचं कारण ज्वालामुखी नव्हतं, वळणं होती. जाता जाता विचारतो: जेमतेम पावणेदोन-दोन लाख वस्तीच्या या बेटाने दोन नोबेल विजेते दिले. अर्थशास्त्रात आर्थर लुईस (१९७९) आणि साहित्यात डेरेक वॉलकॉट (१९९२), दोघांचा वाढदिवसही एकाच तारखेचा, २३ जानेवारी. कॅस्ट्रीजच्या मधोमध वॉलकॉटच्या नावाचा चौक आहे. आपल्या मजकुरात त्याचा पत्ता नाही. स्वाभाविक आहे. स्पर्धक लेखकाची जाहिरात कोण करतो?

आता सेंट मार्टिन. या बेटाची एक बाजू डच, दुसरी फ्रेंच. जहाज डच बाजूला फिलिप्सबर्गला लागतं आणि माहो बीच तिथून बऱ्याच अंतरावर, प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाच्या टोकाशी. जेमतेम २,३०० मीटरची धावपट्टी, मग कुंपण, मग एक रस्ता, मग वाळू, मग समुद्र. विमानं समुद्रावरून येतात आणि पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून उतरतात. संपूर्ण प्रवासात चिरंजीवांनी आपण होऊन मागितलेली ही एकच जागा. आपण फोटो छापलात तो कुंपणाला लोंबकळणाऱ्या पर्यटकांचा. त्या कुंपणावर धोक्याची पाटी आहे, आणि २०१७ मध्ये उड्डाण करणाऱ्या विमानाच्या झोताने फेकली जाऊन एक बाई तिथे दगावली, हे मात्र आमच्या मुलाने आम्हाला सांगितलं. 'आपण वाळूवर उभं राहायचं, कुंपणापाशी नाही,' हेही त्यानेच ठरवलं. आपल्या 'थरार'पुढे पंधरा वर्षांचं पोर शहाणं निघालं.

सहल निघाली आणि पहिली थांबली ती दागिन्यांच्या दुकानापाशी. तिथे आम्हाला टांझानाइट दाखवण्यात आला. हा निळा-जांभळा खडा जगात फक्त टांझानियात, किलिमांजारोच्या परिसरात सापडतो, १९६७ पासून. तो कॅरिबियनमधल्या बंदराबंदरांत 'इथली आठवण' म्हणून का विकतात, हा प्रश्न मी विक्रेत्याला विचारला. तो सिंधी निघाला, मुंबईजवळ उल्हासनगरला त्याची मावशी राहते. त्याने मला उत्तर दिलं नाही, चहा दिला. तेवढ्यात अर्धा तास गेला होता.

माहोला पोचलो तेव्हा हाती पाऊण तास होता. चिरंजीव गुडघाभर पाण्यात उभे, हातात फोन, फोनवर विमानांचा नकाशा. युरोपातून येणारी मोठी विमानं दुपारी उतरतात आणि पॅरिसचं विमान कुठवर आलंय ते त्याला ठिपक्याठिपक्याने दिसत होतं. आमच्या पाऊण तासात डोक्यावरून गेलं ते सेबा बेटाकडचं इवलंसं ट्विन ऑटर. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. मग बसचा भोंगा. "बाबा, पंचवीस मिनिटं. फक्त पंचवीस." गाइडने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. आम्ही चढलो. पुढे सिम्पसन बेचा पूल यॉट जाऊ देण्यासाठी वर गेलेला होता आणि वाहनांची रांग लागली होती. त्या रांगेत एसी लावून उभ्या असलेल्या बसच्या मागच्या काचेतून आमच्या मुलाने पॅरिसच्या विमानाचं शेपूट बघितलं. पुलापाशी आम्ही जेवढा वेळ थांबलो, तेवढाच त्याला हवा होता. आपल्या माहितीपत्रकात विमानांच्या वेळा नाहीत. किनाऱ्यावरच्या बारमध्ये त्या सर्फबोर्डवर लिहिलेल्या असतात. तो सर्फबोर्ड एकदा वाचा. विशेषण एकही नाही, आणि प्रत्येक शब्द कामाचा.

हे सगळं असूनही लोक आपल्याच सहली का घेतात? कारण आपलं सगळ्यात प्रभावी लेखन विशेषणांत नाही, त्या ठळक चौकटीत आहे: स्वतःच्या जबाबदारीवर गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबणार नाही, आमच्या सहलीला उशीर झाला तर आम्ही बघू. सहल नव्हे, धास्ती विकता आपण. धक्क्यावरून धावत सुटलेल्या प्रवाशांचे व्हिडिओ यूट्यूबवर पोत्याने आहेत. वरच्या डेकवरून लोक आरोळ्या ठोकतात आणि जहाज निघून जातं. आमच्या मुलाने ते बहुतेक सगळे पाहिलेत.

धास्ती अगदीच खोटी नाही, हेही कबूल. कोझुमेलहून तुलुमचे माया अवशेष बघायला निघालात तर आधी फेरीबोट, मग तासाभराची बस. तिथे जहाजाचीच सहल घ्यावी, चार पैसे जास्त गेले तरी. अँटिग्वात नेल्सनचं डॉकयार्ड बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथेही बस शोभते. पण सेंट जॉन्सच्या धक्क्यावरून चालत गाठता येणाऱ्या मैदानावर ब्रायन लाराने १९९४ मध्ये ३७५ आणि २००४ मध्ये नाबाद ४०० काढल्या. तिथे जायला कुणाच्या हमीची गरज आहे?

बार्बाडोसमध्ये, ब्रिजटाऊनला तर आपण कमालच केलीत. सहलींची पानंच्या पानं: कासवं, पाणबुडी, गुहेतली ट्रॅम, रम. त्यातल्या बेटदर्शनाच्या सहलीत एक ओळ: 'वाटेत केन्सिंग्टन ओव्हल दिसेल.' दिसेल! महाशय, वेस्ट इंडिजच्या भूमीवरची पहिली कसोटी १९३० साली तिथे झाली. आणि २९ जून २०२४ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक घेतला तोही तिथेच. त्याच महिन्यात भारत-पाकिस्तान सामना न्यूयॉर्कच्या नासाऊ काउंटीत झाला होता, आणि आमच्या घरातला बास्केटबॉलवाला त्या दिवसापासून क्रिकेटवाला झाला. ते न्यूयॉर्कचं स्टेडियम तात्पुरतं होतं, स्पर्धेनंतर उतरवलंही. हे उभं आहे.

बंदराच्या फाटकापासून आम्ही चालत गेलो. बाहेर गारफील्ड सोबर्सचा पुतळा, फटका मारून झालेला. फाटकावरच्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिलं आणि "सूर्या?" एवढंच म्हणाले. भारतातून येणारा प्रत्येक जण तेच विचारतो म्हणे. आत गेल्यावर चिरंजीवांनी अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकातल्या सूर्यकुमार यादवच्या त्या झेलाचा व्हिडिओ काढला, फोन डोळ्यांसमोर धरला आणि लाँग ऑफच्या सीमारेषेवरून एक एक पाऊल सरकू लागले, मागचा स्टँड पडद्यावरच्या स्टँडशी जुळेपर्यंत. "अजून डावीकडे," गृहस्थ म्हणाले. मग पाण्याची रिकामी बाटली वर उडवायची, रेषेबाहेर उडी, परत आत, झेल. शेजारी आई 'रेषेला पाय लागला' म्हणून बाद ठरवायला उभी. खेळपट्टीवरची माती रोहित शर्माने खाल्ली तशी खाता येईल का, हाही प्रश्न झाला. गृहस्थ मनापासून हसले आणि नाही म्हणाले.

माझं लक्ष समोरच्या स्टँडकडे होतं. हॉल अँड ग्रिफिथ स्टँड. याच मैदानावर १९६२ च्या दौऱ्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला. जखमी कॉन्ट्रॅक्टरसाठी पहिलं रक्त दिलं प्रतिस्पर्धी कप्तान फ्रँक वॉरेलने, आणि देणाऱ्यांत आपले पुण्याचे चंदू बोर्डे आणि नाशिकचे बापू नाडकर्णीही होते. आणि याच मैदानावर १९९७ मध्ये जिंकायला १२० हव्या असताना आपण ८१ वर गारद झालो. सचिन कप्तान होता, दोन आकडी धावा एकट्या लक्ष्मणच्या. ती रात्र मी टीव्हीसमोर काढली आहे. मुलाला सांगितलं. त्याने 'बघू' म्हटलं नाही. "एकशेवीस?" असं विचारलं आणि स्टँडच्या पायरीवर बसून धावफलक शोधून काढला. वॉरेलची गोष्ट त्याने दोनदा सांगायला लावली. पंधरा वर्षांच्या मुलाशी एवढं सलग बोलणं झालं, याचं श्रेय आपल्या एका ओळीला द्यायला हवं. ती आपण आणखी लांब लिहिली असती, तर तिथे बस नेली असतीत.

नंतर झेडआर, म्हणजे तिथली प्रवासी व्हॅन. साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे अमेरिकी पावणेदोन, आणि त्यात कानठळ्या बसवणारं संगीत फुकट. बायकोने डोळे मिटून घेतले, चिरंजीव खूश. ऑइस्टिन्सला तळलेली फ्लाइंग फिश खाल्ली. तिथून आम्हाला वेळेच्या बरंच आधी हुसकावून जहाजावर परत आणलं ते त्यानेच, फोनवर अलार्मवर अलार्म लावून. आपल्या बस आमच्यानंतर आल्या.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या आवृत्तीत किमतीच्या शेजारी तीन आकडे छापा: बसमध्ये किती मिनिटं, जागेवर किती, दुकानात किती. फाटकापासून चालत काय काय गाठता येतं, त्याचं एक पान द्या. बारा ते सतरा वयाला एक तर हातात स्टिअरिंग द्या, नाहीतर भाड्यात सूट. आपण यातलं काही छापणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र खुलं. वाचणाऱ्या आईबापांनी आपलं माहितीपत्रक उघडण्याआधी बंदराचा नकाशा मुलाच्या हातात द्यावा आणि एक बंदर पूर्णपणे त्याच्यावर सोडावं.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
पूर्ण भाडं भरलेला एक बाप

ता. क. सेंट लुशियात कॅस्ट्रीजहून समुद्रमार्गे पिटॉन डोंगरांपर्यंत नेणारी आपली कॅटामरानची सहल मात्र चोख होती. वळणं नाहीत, दुकान नाही, आणि मुलाला हवं तेव्हा पाण्यात उडी मारता आली. पैसे वसूल. त्या बेटावर तीच घ्यावी, रस्त्याची घेऊ नये.