दुसऱ्या शनिवारची नेटवर्क सभा: संयोजकांसाठी मार्गदर्शिका

एंटरप्राइज सिस्टीम्स आणि नेटवर्किंग या विषयावर युजर ग्रुपची मासिक सभा भरवू इच्छिणाऱ्या संयोजकाने आधी वार ठरवावा. पुण्यात बहुतेकांच्या मनात दुसरा शनिवार येतो आणि त्यामागचा हिशेब वरकरणी चोख असतो. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, तेव्हा बँकांमधली सिस्टीमवाली मंडळी मोकळी सापडतील, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात बँक बंद असते नेमकी त्याच दिवशी ही मंडळी कामाला जुंपलेली असतात. सर्व्हर हलवायचा, पॅच टाकायचा, फायरवॉल बदलायची, तर शाखा उघडी नसलेला दिवसच लागतो. म्हणजे ज्याच्यापाशी सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे तोच येऊ शकत नाही. संयोजकाने हे नीट समजून घ्यावे आणि तरीही दुसरा शनिवारच ठरवावा, कारण इतर शनिवारी कॉलेजचा हॉल मिळत नाही.

प्रास्ताविकात परंपरेचा उल्लेख हवा. १९५५ साली लॉस एंजेलिसच्या परिसरात आयबीएमची मोठी यंत्रे वापरणाऱ्यांच्या लक्षात आले की, प्रत्येक जण तेच ते प्रोग्रॅम आपापल्या कचेरीत नव्याने लिहीत बसला आहे. त्यात विमाने बनवणाऱ्या कंपन्या होत्या, एकमेकींच्या स्पर्धक होत्या. पण यंत्र सगळ्यांनाच छळत असल्यामुळे त्या एकत्र बसल्या आणि ‘शेअर’ ही संघटना उभी राहिली. १९५९ मध्ये या गटाने आयबीएम ७०९ साठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा केली. एवढे सांगून झाल्यावर आपल्या ग्रुपने आजवर काय केले असे कोणी विचारण्याच्या आत पुढच्या मुद्द्याकडे वळावे.

दुसरा दाखला होमब्रू कॉम्प्युटर क्लबचा. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये त्याची पहिली सभा झाली आणि आलेल्यांत स्टीव्ह वॉझ्नियाकही होते. पुण्यात गॅरेज म्हणजे सोसायटीचे पार्किंग, आणि तिथे चार माणसे लॅपटॉप घेऊन बसली तर चेअरमन खाली येतात. तेव्हा तेवढा भाग अनुकरणीय नाही. अनुकरणीय आहे ती सभा चालवण्याची पद्धत. ली फेल्सनस्टाइन सूत्रसंचालन करीत. आधी ज्याला जे हवे आहे किंवा ज्याच्याकडे जे आहे ते त्याने उभे राहून सांगायचे आणि मग सगळ्यांनी उठून ज्याला ज्याच्याशी बोलायचे त्याला गाठायचे. सभा संपली की उरलेली सभा ‘ओॲसिस’ नावाच्या बिअर आणि बर्गरच्या ठिकाणी भरे. आपल्याकडच्या संयोजकाने हे सर्व वाचावे, वहीत टिपून ठेवावे आणि मग रीतसर स्वागत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय व दीड तासाचे व्याख्यान असा कार्यक्रम आखावा.

हॉलची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा जेवायला गेलेले असतात. प्रोजेक्टरला व्हीजीए लागते, वक्त्याच्या लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असते. याबद्दल अधिक लिहिण्यात अर्थ नाही. हे सोसावेच लागते.

इंटरनेटचे मात्र सविस्तर बोलायला हवे. नेटवर्किंगच्या सभेत नेटवर्क नसणे हा या क्षेत्रातला जुना शिष्टाचार आहे. कॉलेजच्या वायफायचा पासवर्ड विभागप्रमुखांकडे असतो आणि विभागप्रमुख दुसऱ्या शनिवारी गावी असतात. अशा वेळी एखादा उत्साही सभासद घरचा वायफाय राऊटर घेऊन येतो आणि भिंतीतल्या पॉइंटची केबल चुकून त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचतो. त्या क्षणापासून कॉलेजच्या नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे होतात. एक कॉलेजचा अधिकृत डीएचसीपी सर्व्हर आणि दुसरा हा बाराशे रुपयांचा डबा. ज्याचे उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता संगणक मुकाट घेतो. डबा जवळ असल्यामुळे बहुधा तोच जिंकतो आणि आजूबाजूच्या संगणकांना १९२.१६८.०.कायतरी असे पत्ते मिळून ते कॉलेजला पारखे होतात. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरचे प्रवेश विभागाचे क्लार्क दारात येऊन उभे राहतात: “तुमचं इथे काही चाललंय का? आमचा फॉर्म सबमिट होईना.” संयोजकाने अजिबात गांगरू नये. क्लार्कना आत बोलवावे, पहिल्या रांगेत बसवावे आणि आता डीएचसीपी स्नूपिंग या विषयावरचे प्रात्यक्षिक संपन्न झाले, असे जाहीर करावे.

याहून मोठे प्रात्यक्षिक हवे असेल तर एका साध्या स्विचच्या दोन पोर्टांत एकाच केबलची दोन्ही टोके खोचावीत. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे एकदा फिरू लागलेला ब्रॉडकास्ट फिरतच राहतो, त्याच्या प्रती निघत जातात आणि काही क्षणांत स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकू लागतात. हे टाळण्याची युक्ती राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत काढली. स्पॅनिंग ट्री या त्यांच्या अल्गोरिदममध्ये स्विच आपसात बोलून फालतू वाटा बंद करून टाकतात आणि कुठली केबल तुटली तर बंद केलेली वाट पुन्हा उघडतात. सभासदांपैकी निम्म्यांनी आपापल्या कचेरीत हा बंदोबस्त ‘नेटवर्क स्लो होतंय’ म्हणून कधीतरी बंद केलेला असतो. दिवे लुकलुकताना कोणाकोणाचे चेहरे पडतात, हे संयोजकाने पाहून ठेवावे. पुढच्या सहा महिन्यांचे वक्ते त्यांतूनच मिळतात.

पण वक्ता म्हणून आज बोलावलेला असतो तो सात थरांचा माणूस. सात थरांचे ओएसआय मॉडेल १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. अर्पानेट त्याआधीच, १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपीवर गेले होते. म्हणजे सात मजली इमारतीचा नकाशा मंजूर होऊन आला तेव्हा शेजारच्या बैठ्या चाळीत बिऱ्हाडे राहायला आलेली होती. तरीही प्रत्येक व्याख्यान त्या सात थरांपासूनच सुरू होते, आणि पाचव्या थराचे नेमके काम काय हे सांगताना वक्ता पाणी पितो. व्हेंडरने पाठवलेला वक्ता असेल तर तो सातही थर दोन मिनिटांत उरकून ‘आमचे सोल्यूशन’ या आठव्या थरावर जातो. त्याला बोलू द्यावे. समोशांचे पैसे त्याचेच असतात.

काही ग्रुपांत व्याख्यानाऐवजी ‘काय बिघडले’ हे सांगण्याची अनिष्ट प्रथा आहे. नव्या संयोजकाने तिच्यापासून दूर राहावे, कारण तिला नमुनेही भक्कम आहेत. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. चूक एक-दोन सेकंदांत लक्षात आली; तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या पाच तऱ्हा होत्या, ऐन वेळी पाचांपैकी एकही नीट चालली नाही. योगायोगाने काढून ठेवलेला सुमारे सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट होता, म्हणून निभावले. कंपनीने हे सारे लपवले नाही. दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले.

यूट्यूबची स्वतःची कथाही आहेच. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त देशापुरते बंद करायचे होते. त्यासाठी आपल्या राऊटरांना सांगितलेली वाट वरच्या कंपनीमार्फत जगभर गेली. यूट्यूबने जाहीर केलेला पत्त्यांचा पट्टा मोठा होता आणि पाकिस्तानने सांगितलेला त्यातलाच लहान व अधिक नेमका. आणि राऊटर नेहमी अधिक नेमके बोलणाऱ्याचे ऐकतो. सुमारे दोन तास जगातले यूट्यूब पाकिस्तानच्या दिशेने जाऊन गडप होत होते. असले किस्से ऐकले की श्रोते जागे होतात आणि सात थर पुन्हा ऐकायला तयार होत नाहीत, हा मोठाच धोका आहे. सभासदाला स्वतःच्या कंपनीतले काही सांगायचेच असेल तर ‘माझ्या एका मित्राच्या कंपनीत’ अशी सुरुवात करण्याची मुभा असावी. हा मित्र कोण, हे सगळ्यांना कळते. कोणी विचारत नाही.

प्रयोगशील ग्रुपांनी नॉर्वेतल्या बर्गेन लिनक्स युजर ग्रुपचा आदर्श ठेवावा. १ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड वेट्झमन यांनी आरएफसी ११४९ प्रसिद्ध केला. इंटरनेटची पाकिटे कबुतरांकरवी कशी पाठवावीत, याचे ते गंभीर चेहऱ्याने लिहिलेले मानक होते. तारीख पाहून जगाने हसून सोडून दिले. बर्गेनच्या मंडळींनी सोडले नाही. २८ एप्रिल २००१ रोजी त्यांनी पिंगची पाकिटे हेक्साडेसिमल आकड्यांत कागदावर छापली, डक्ट टेपने कबुतरांच्या पायांना गुंडाळली आणि कबुतरे सोडली. पलीकडे कागद उलगडून स्कॅन करायचा, संगणकाने अक्षरे ओळखायची आणि उत्तर पुन्हा कबुतराच्या पायाला. नऊ पाकिटे गेली, चार उत्तरे परत आली, ५५ टक्के पाकिटे हरवली. सर्वांत चपळ उत्तराला ५३ मिनिटे लागली, सर्वांत रमतगमत आलेल्याला पावणेदोन तास. आपल्याकडे सोसायट्यांच्या गॅलऱ्यांना कबुतरांची जाळी लागलेली असतात, त्यामुळे प्रयोग अवघड आहे. मात्र त्या मानकातली एक गोष्ट लक्षात ठेवावी: एका पाकिटाचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, तिथे २५६ मिलिग्रॅम असा वजनात दिला आहे. या एमटीयूशी संध्याकाळी पुन्हा गाठ पडते.

व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे घ्यावीत. पहिला प्रश्न निवृत्त झालेले काका विचारतात. ते प्रश्न विचारत नाहीत, १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केले तेव्हा मॉडेम कसा किंचाळायचा ते सांगतात. त्यातून ते पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेल्या लिनक्सच्या सीडीवर येतात आणि ती सीडी ज्याने नेऊन परत दिली नाही, त्याच्याकडे रोखून पाहतात. दुसरा प्रश्न विद्यार्थ्याचा: “सर, यातलं कुठलं सर्टिफिकेशन केलं की जॉब लागेल?” इथे आभार मानावेत.

मग सगळे टपरीवर जातात. कटिंग हातात येते आणि दीड तास गप्प बसलेला एक पोरगेला सिस्टीम ॲडमिन हळूच शेजाऱ्याला म्हणतो, “सर, एक विचारू? नवीन ब्रँचमधून साधी मेल जाते. फाईल जोडली की अडकते. एरर पण देत नाही.”

“ब्रॉडबँडवर व्हीपीएन आहे का?”

“आहे.”

“आणि फायरवॉलवर आयसीएमपी सगळं बंद केलंय?”

“हो. ऑडिटरने सांगितलं, पिंग बंद करा.”

“मग अडकणारच की! इथरनेटला पंधराशे बाइट चालतात, पीपीपीओई त्यातले आठ खातं, व्हीपीएन अजून खातं. मोठं पाकीट मध्ये बसत नाही, आणि ‘बसत नाही’ हा निरोप आयसीएमपीनेच परत येतो. तो तुम्ही दारातच अडवलाय. एमएसएस कमी कर, नाहीतर तेवढा निरोप आत येऊ दे.”

पोरगा ग्लास बाकावर ठेवून तिथूनच मोबाइलवर फायरवॉल उघडतो. तीन-चार डोकी त्या स्क्रीनवर वाकतात. व्हेंडरचा माणूसही वाकतो आणि हाच लोचा आपल्याही एका मित्राच्या कंपनीत झाल्याचे सांगतो. संयोजकाने या वेळी चहाचे पैसे द्यावेत, आणखी एक फेरी सांगावी आणि यातले काहीही सभेच्या इतिवृत्तात येणार नाही याची दक्षता घ्यावी. इतिवृत्तात ‘ओएसआय मॉडेलवर उद्बोधक व्याख्यान झाले, उपस्थिती समाधानकारक होती’ इतकेच लिहून खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.