आमचा बारमाही संप

लेख लिहिताना मी एआयची मदत घेत नाही. कुणी कारण विचारलं, की मी जरा दूरवर बघतो आणि शब्दसाधना, अनुभवाचा ओलावा, मातीचा वास असलं काहीबाही काढतो. ऐकणारा भारावतो. खरं कारण साधं आहे. आमच्या घरात ‘ते लिहिताहेत’ या दोन शब्दांना मोठं संरक्षण आहे. दळण, गॅसचा नंबर, नळ येण्याच्या वेळी मोटर लावणं, लग्नातल्या आहेराची पाकिटं, यातलं काहीही मी टेबलाशी असेपर्यंत माझ्यापर्यंत पोचत नाही. समोर कागद हवा आणि कपाळाला आठी हवी, बाकी कुणी तपासत नाही. मग मी खिडकीतून सोनगीरच्या किल्ल्याकडे बघत बसतो. या कामाला तो किल्ला फार सोयीचा. सह्याद्रीतल्या गडांसारखा उंच नाही, त्यामुळे मान अवघडत नाही.

ही सवलत गेली ती दिवाळी अंकामुळे. एका संपादकांनी सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर लेख मागितला. मी होकार कळवला आणि लेखनाच्या तयारीला लागलो, म्हणजे दुपारी झोपू लागलो. तेवढ्यात पुतण्या सुट्टीवर आला. ‘काका, कशाला एवढा ताप? दहा सेकंदांत होतं,’ म्हणाला. म्हणायला हरकत नव्हती, पण कार्ट्याने ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलं.

मोबाइलवर लेख खरोखरच आला. बरा होता. शुद्धलेखन तर माझ्यापेक्षा चांगलं. फक्त शेवटाकडे सोनगीरच्या किल्ल्याच्या ‘समुद्राकडील बुरुजावरून’ सूर्यास्त दिसत होता. इथून समुद्र बघायचा तर मुंबई-आग्रा रस्ता धरून आधी धुळं, मग नाशिक आणि मग सरळ मुंबई गाठावी लागते. मी तो बुरूज लावून धरला. ही शांतपणे म्हणाली, ‘तेवढं वाक्य खोडा की. उरलेल्या दिवसांत काय करायचं ते मी सांगते.’

मग मला तत्त्वावर यावं लागलं. मी म्हटलं, इथून वीसेक किलोमीटरवर धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि सानेगुरुजी ते हाताने टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ त्यातून उभं राहिलं. यंत्राने टिपलं असतं तर गुरुजींचं काय झालं असतं? शिवाय आपल्या बहिणाबाई! लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी ओव्या रचल्या. सोपानदेवांनी त्या उतरवून ठेवल्या म्हणून 1952 साली पुस्तक निघालं. तिथे कुठे होतं एआय?

‘बहिणाबाई रचायच्या कधी?’ हिने विचारलं.

‘कामं करता करता. शेतात, जात्यावर...’

‘आणि विनोबांनी तुरुंगात दळणाचं काम अंगावर घेतलं होतं, हे तुम्हीच मागे व्याख्यानात सांगितलंत. म्हणजे तुमच्या दोन्ही उदाहरणांत दळण आहे.’

घरच्या माणसांना आपल्या व्याख्यानाला नेऊ नये.

मी शेवटचं हत्यार काढलं. अमेरिकेत 2023 साली चित्रपट आणि मालिकांच्या लेखकांनी 148 दिवस संप केला. कंपनीला लेखकावर एआयची सक्ती करता येणार नाही, हे त्यांनी करारात लिहून घेतलं. जगभर लेखक लढताहेत, आणि आपल्या घरात...

‘एकशे अठ्ठेचाळीसच दिवस?’ ही म्हणाली. ‘तुमचा तर लग्नापासून चालू आहे.’ आणि गव्हाचा डबा माझ्या हातात दिला.

चक्कीवर वीज गेलेली. डबा घेऊन परत जावं तर पराभव, म्हणून तिथूनच एका ओळखीच्या तांबटबाबांच्या कारखान्यात शिरलो. विषयही तोच होता, तेव्हा हे लेखनच, अशी मनाची समजूत घातली. बाबा घागर मठारत होते. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर घागर चढवलेली, डाव्या हाताने ती केसभर फिरवायची आणि उजव्या हाताने हातोडी. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून. पत्रा भट्टीत तापवला की मऊ पडतो, ठोकला की ताठ होतो. मऊच राहिला तर घागर कडेवर घेताच दबेल. भट्टीतून काळाठिक्कर निघालेला तांब्या बाबांच्या सुनेने चिंचेच्या पाण्याने चोळला, तसा तो माझ्यादेखत गुलाबी झाला. हे मात्र मी खरंच वहीत लिहून घेतलं.

मग मला राहवेना. ‘बाबा, शेवटी हाताचं ते हाताचं, नाही का?’

बाबांनी हातोडी खाली ठेवली. कोपऱ्यातल्या पॉलिशच्या मोटरकडे बोट दाखवून म्हणाले, ती घेतली त्या दिवशी पेढे वाटले होते. ठोकायचं स्वस्तातलं मशीन मिळालं तर उद्या पुन्हा वाटीन. ‘हात दुखतस ना भाऊ. तुमना कोठे दुखस?’

मला उत्तर सुचेना. ते झाकायला मी हातोडी मागून घेतली. पहिला ठोका बरा बसला. दुसऱ्याला आवाज बदलला आणि घागरीच्या पोटाला लिंबाएवढा पोचा पडला. बाबा काही बोलले नाहीत. सुनेने मात्र तराजू पुढे ओढला. तांब्याचा भाव हल्ली काय आहे, हे ज्यांनी अलीकडे घागर घेतली असेल त्यांना सांगायला नको.

घरी आलो तो एका हातात न दळलेले गहू आणि दुसऱ्या हातात पोचा पडलेली घागर. ‘लिहून झालं?’ हिने विचारलं.

लेख पुढे यथावकाश झाला. संपादकांना पाठवताना मी सोबत एक बाणेदार चिठ्ठी जोडली: ‘सदर मजकूर कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीशिवाय लिहिला आहे, याची कृपया नोंद घ्यावी.’ त्यांचं उत्तर लगेच आलं. ‘तुमच्याबद्दल तशी शंका कधीच नव्हती. अंक निघून आठवडा झाला.’