उघड्या गुडघ्यांचे खुले पत्र

श्रीयुत किल्टधारी मोटारसायकलस्वार,
मुक्काम ॲबर्डीन, स्कॉटलंड यांस

स. न. वि. वि.

अर्जदार दोघे सख्खे भाऊ. एकाचे नाव डावा, दुसऱ्याचे उजवा. जन्म कराडचा, हल्ली वास्तव्य स्कॉटलंडात. पत्ता मात्र जन्मापासून एकच : स्वारमहाशयांची मांडी आणि पोटरी यांच्या मधोमध. महाशयांनी आठ वार लोकरीचा किल्ट शिवून घेतला आहे आणि येत्या शनिवारी तो नेसून ते मोटारसायकलवरून नॉर्थ कोस्ट ५०० च्या वाटेला लागणार आहेत, ही बातमी अर्जदारांच्या कानी आली. गुडघ्यांना कान कुठले, असे कोणी विचारील. पण मेंदू गुडघ्यात असू शकतो हे मराठी माणसाने केव्हाच मान्य केले आहे. कानही तिथेच शेजारी कुठेतरी असणार.

आधी एक खुलासा. किल्टशी अर्जदारांचे वैर नाही. गुडघ्यांना इतक्या मानाने ओसरीवर आणून बसवणारा पुरुषी पोशाख दुसरा नाही. धोतराने त्यांना झाकले, विजारीने झाकले. शाळेच्या हाफपँटने तेवढे उघडे ठेवले, तेही ओणवे उभे राहण्यासाठी आणि खरचटून घेण्यासाठी. शिवाय टार्टन नेसायला हायलँडमध्येच जन्म घ्यावा लागतो, असा काही कायदा नाही.

कायदा होता तो उलटा. १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर लंडनच्या पार्लमेंटने हायलँडच्या पोशाखावरच बंदी घातली. १ ऑगस्ट १७४७ पासून लष्कराबाहेरच्या पुरुषाने किल्ट नेसला, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. बंदी उठली १७८२ साली. म्हणजे स्कॉटिश गुडघे झाकलेले राहावेत म्हणून सरकार तब्बल पस्तीस वर्षे जागे होते. त्यानंतर जे झोपले ते आजतागायत.

सरकारचे सगळे लक्ष वरच्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला ठाऊक असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये आपल्या ब्रफ सुपिरिअर मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. ती केस ते विसरले नाहीत. मोटारसायकलवरून निरोप पोहोचवणाऱ्या सैनिकांच्या डोक्यांना होणाऱ्या इजांचा त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सांगणारा लेख प्रसिद्ध केला. पुढे १ जून १९७३ पासून ब्रिटनमध्ये हेल्मेट सक्तीचे झाले. १९७६ साली पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट मिळाली. डोक्यावर इतका खल झाला, पण गळ्याखाली कायदा मुका आहे. जॅकेट, हातमोजे, बूट, विजार, यांतले काहीच सक्तीचे नाही. शनिवारी वाटेत पोलिसांनी अडवले, तरी अर्जदारांच्या बाजूने कोणी चकार शब्द काढणार नाही. डोक्याला केर्न्स भेटले. गुडघ्यांना अजून कोणी भेटायचे आहे.

आणि मार कोण खाते? १९९९-२००० च्या सुमारास युरोपातल्या पाच देशांत ९२१ दुचाकी अपघातांची बारकाईने छाननी झाली. शरीराच्या कोणत्या भागाला किती इजा, हे त्यात मोजले गेले आणि पाय पहिले आले. डोक्याची इजा जिवावर बेतते, याबद्दल अर्जदारांचा वाद नाही. पण गाडी आडवी झाली की आधी डांबराला जाऊन भेटतात ते कोण, हे त्यांना कुठल्याही अहवालाशिवाय माहीत आहे.

आता किल्टच्या बांधणीविषयी थोडे. किल्टचे माप उभ्याने घेतात आणि तो शोभतोही उभ्यानेच. मागे चुण्यांची चळत, पुढे एकावर एक आलेले दोन सपाट पदर, आणि घेर कसाबसा गुडघ्याच्या वाटीपर्यंत. मोटारसायकलवर माणूस टांग टाकून बसला की हा घेर वीतभर वर सरकतो. वेग आला की पुढून वारा आत शिरतो आणि उरलेलाही वर जातो. पुरुषांच्या किल्टच्या वरच्या पदराची कड उजव्या बाजूला येते. तिथे खालच्या कोपऱ्यात जी पिन असते, तिच्यावर महाशयांचा फार भरवसा दिसतो. तो सोडावा. ती पिन फक्त वरच्या पदरात टोचायची असते, दोन पदर जोडायला नव्हे. तिचे काम वजनाचे आणि शोभेचे.

उजव्या बाजूलाच बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर. अर्जदारांची शेजारीण उजवी पोटरी. तिच्यावर कराडला असताना मामांच्या बुलेटने दिलेला चटका आहे, रुपयाएवढा, अजून ओळखू येणारा. त्या वेळी वर पायजमा होता, तरी ही गत झाली. आता मध्ये काहीच नाही.

या बाबतीत कराडकडच्या लोकांनी स्कॉटलंडला चार गोष्टी शिकवाव्यात. धोतर आणि नऊवारी यांना काष्टा असतो. कापड दोन पायांमधून मागे जाते आणि कमरेत खोचले जाते. नेसलेली वस्तू दोन भागांत वाटली गेली की घोड्यावर बसा, शेतात वाका, काही वर सरकत नाही. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, फेटा आणि गॉगल लावून बुलेट चालवणाऱ्या बायका दरवर्षी दिसतात. वारा त्यांचे काही वाकडे करू शकत नाही, ते या काष्ट्यामुळे. किल्टला काष्टा नाही. आठ वारांचा कारभार, पण खोचायला एक टोक नाही.

आपल्याकडच्या कायद्यानेही या विषयात डोके चालवलेले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्म्यापर्यंत झाकणारी जाळी सांगितली आहे. तीच आपली साडीगार्ड. भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला ती असते आणि हौशी पोरे घरी आल्या दिवशी ती काढून टाकतात. खरे सांगायचे तर स्वारमहाशयांना तिचा उपयोगही नाही. किल्ट चाकात जाण्याइतका लांब नसतो. साडीची खोड खाली लोंबण्याची, किल्टची वर जाण्याची.

मग रस्ता. नॉर्थ कोस्ट ५०० ही वाट २०१५ साली या नावाने पुढे आली. इनव्हरनेसच्या किल्ल्यापासून निघून उत्तर किनाऱ्याला वळसा घालत ५१६ मैलांनी तिथेच परत. त्यात बेलाख ना बा हा घाट आहे. नावाचा अर्थ गुरांची खिंड. १८२२ साली बांधलेला, ६२६ मीटरपर्यंत चढणारा, वरंध्याची आठवण यावी अशी वळणे आणि एकाच गाडीपुरती रुंदी. तिथे पारा दहा अंशांवर असेल आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असेल, तर हवामानशास्त्राच्या सूत्राप्रमाणे उघड्या कातडीला ती हवा चार अंशांची वाटते. गारठलेला गुडघा ब्रेकसाठी पाय उचलताना कुरकुरणार, हे सांगायला सूत्र लागत नाही. पाऊस आला तर भिजलेल्या आठ वार लोकरीचे काय होते, ते महाशयांनी आधी न्हाणीघरात करून पाहावे.

बरे, थांबावे तर मिजेस. चिलटाहून बारीक अशी ही हायलँडची चावरी माशी मे ते सप्टेंबर हजर असते. वारा थोडा जरी सुटला तरी तिला उडता येत नाही. म्हणजे गाडी चालू आहे तोवर थंडी, आणि देखाव्याचा फोटो काढायला गाडी उभी केली की माश्या. दोन्ही वेळा भोगणारे तेच दोघे.

किल्टबरोबर येणाऱ्या लवाजम्याकडेही एकदा पाहावे. पुढे लोंबणारी ती कातडी पिशवी, स्पोरन, नेमकी माणूस आणि पेट्रोलची टाकी यांच्यामध्ये येते. समोरासमोरच्या धडकेत ओटीपोट टाकीवर आदळते, हे हाडांच्या डॉक्टरांना नवे नाही. त्या जागी धातूची चौकट ठेवून वर साखळी बांधायची म्हणजे कमाल आहे. ढोल वाजवणारे आणि नाचणारे स्पोरन कमरेवर बाजूला सरकवतात. तेवढी तरी नक्कल करावी. मोज्यात खोचलेली सुरी, स्गिअन-डू, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून जवळ बाळगायला स्कॉटलंडचा कायदा हरकत घेत नाही. पण कायद्याने चालणारी प्रत्येक गोष्ट नडगीला चालते असे नाही. आणि ते घिली ब्रोग बूट, ज्यांना जीभ नाही आणि ज्यांच्या लांबलचक नाड्या घोट्यावर गुंडाळतात. गिअरच्या दांड्याला अडकायला याहून सोयीचे काही शोधून सापडणार नाही. मोटारसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे. घोटा झाकणारा तसा बूट घालावा. किल्टखाली तो वाईट दिसत नाही, उलट रुबाबदार दिसतो.

महाशय म्हणतील, लोकर जाड आहे, पडलो तर तीच वाचवील. यात अर्धे खरे आहे. लोकर सहजी पेट घेत नाही आणि नायलॉनसारखी वितळून कातडीला चिकटत नाही. पण घसरत जाताना किल्ट अंगावर असतो कुठे? तो कमरेभोवती गोळा झालेला असतो आणि डांबरावर फक्त अर्जदार. याच न्यायाने, बाजारात मिळणारी साधी नायलॉनची लेगिंग आत घालून समाधान मानू नये. घर्षणाच्या उष्णतेपुढे ती टिकत नाही.

टिकणारी लेगिंग मिळते. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत ज्या धाग्याचा शोध लावला आणि जो पुढे केवलार म्हणून प्रसिद्ध झाला, त्या कुळातल्या धाग्यांची, अंगाला घट्ट बसणारी, गुडघ्यावर आणि कमरेच्या बाजूंना पॅड बसवायला खिसे असलेली. आतली चिठ्ठी वाचावी. ईएन १७०९२ या मानकात एएए, एए आणि ए असे उतरते वर्ग आहेत. सी म्हणजे नुसते पॅड, रस्त्यावर घासण्याची हमी नाही. पॅडवर ईएन १६२१-१ असे लिहिलेले असते. ५० जूलचा घाव घातला असता पहिल्या पातळीचा पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत धक्का आत जाऊ देतो, दुसऱ्या पातळीचा २० पर्यंत. अर्जदारांची पसंती दुसऱ्या पातळीला आहे. फरकाचे पैसे महाशयांनी स्पोरनमधून काढावेत. घट्ट लेगिंगचा आणखी एक फायदा असा की पॅड जागचा हलत नाही. ढगळ विजारीत पडताक्षणी तो फिरून पोटरीवर जातो.

नुसते ‘मोटारसायकलचे कपडे’ असे लिहिले म्हणून भाळू नये, हेही नमूद करणे भाग आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागात अपघात झालेल्या २१२ स्वारांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. संरक्षक कपडे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमी होते, हे खरे. पण रस्त्याला लागलेल्या विजारींपैकी सुमारे २८ टक्के फाटल्या किंवा झिजून गेल्या. जॅकेटांचे जवळपास ३० टक्के. म्हणून चिठ्ठी वाचायची.

परंपरेचा मुद्दा उरला. किल्टखाली काही घालणे म्हणजे भ्रष्टाचार, असे महाशयांना त्यांच्या स्कॉटिश मित्रांनी सांगितले आहे म्हणे. त्या मित्रांना १८२२ ची आठवण द्यावी. त्या वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सगळा सोहळा सर वॉल्टर स्कॉट यांनी मांडला होता. राजाच्या हायलँड पोशाखावर १,३५४ पौंड खर्च झाले आणि बंदीने मेलेल्या किल्टला दरबारी प्रतिष्ठा मिळाली ती त्या दिवसांत. त्या पोशाखात राजेसाहेबांनी किल्टखाली काय घातले होते? गुलाबी घट्ट विजार. डेव्हिड विल्की या चित्रकाराने नंतर चित्रात ती काढून टाकली आणि राजाचे गुडघे उघडे दाखवले. चित्रातल्या राजाला बेलाख ना बा उतरायचा नव्हता. तेव्हा किल्टखाली लेगिंग ही आधुनिक पोरांची फॅशन नाही, दोनशे वर्षांची राजमान्य रीत आहे. रंग गुलाबीच असावा असा अर्जदारांचा आग्रह नाही.

आणि प्रवासी लोक तो जुना, जगप्रसिद्ध प्रश्न विचारतातच : किल्टखाली काय? पेट्रोलपंपावर, घाटापलीकडच्या ॲपलक्रॉस गावच्या खानावळीत, सगळीकडे विचारतील. ‘ईएन १७०९२, एए’ असे उत्तर द्यावे. पुढचा प्रश्न येत नाही.

इतके करूनही लेगिंग नकोच असेल, तर एक तडजोड आहे. किल्ट घडी घालून मागच्या पेटीत ठेवावा, गाडी नीट पँट घालून चालवावी आणि ॲपलक्रॉसला उतरल्यावर किल्ट नेसून समुद्राकाठी हवे तितके फोटो काढावेत. त्या फोटोंत अर्जदार हसऱ्या चेहऱ्याने उभे राहतील.

लेगिंगची मागणी आज नोंदवली तरच ती शनिवारच्या आत घरी येईल. कृपया आजच नोंदवावी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
डावा व उजवा

ता. क. : पोटरीनेही यावर अंगठा उठवला आहे.